बारा चिंध्या

आमच्या वर्कशॉपमध्ये चपला काढून आत यावं लागायचं. हसू नका. हडपसरला सोलापूर रोडच्या कडेला माझी पत्र्याची शेड, काम डिझेल गाड्यांची ताकद वाढवून देण्याचं, समोर दिवसभर ट्रकांची धूळ, आणि दारावर काळ्या रंगात झोकदार अक्षरांत पाटी: "चपला बाहेर. मोबाईल बाहेर. घाई बाहेर." पाटी खरं तर आतल्या पंपाच्या खोलीसाठी होती. पण ती वाचून गिऱ्हाईक एवढं दबायचं, की बिचारं रस्त्यावरच अनवाणी व्हायचं. पाटी माझी नव्हती हो. वर्कशॉप माझं, पाटी काकांची.

काकांना मी कामावर ठेवलं नव्हतं, हेही सांगून टाकते. ते स्वतःच आले. एका कारखान्यात डिझेल पंप जुळवायच्या खोलीत त्यांची सगळी नोकरी गेली होती. तिथे म्हणे धुळीचा कण आत जायला परवानगी काढायचा. निवृत्तीनंतर घरी बसवेना. एकदा बसमधून उतरले, माझा बोर्ड वाचला आणि सरळ आत शिरले. पांढरा स्वच्छ अर्ध्या बाह्यांचा शर्ट, इस्त्रीची पँट, हातात स्टीलचा डबा.

"इथे नेमकं काय करता आपण?"

"गाड्यांची पॉवर वाढवतो," मी म्हणाले. नवीन नवीन होते, जोरात होते.

"अच्छा. म्हणजे ज्यांनी बनवल्या त्यांना जमलं नाही."

मला असा राग आला! पण दुसऱ्या दिवशी साडेनऊला हे पुन्हा हजर. कोपऱ्यातल्या पंपाच्या खोलीत गेले, माझी सगळी हत्यारं पुसून ओळीत लावली आणि म्हणाले, "आता विचार, काय विचारायचंय ते." त्या दिवसापासून ते मला 'तू' म्हणायला लागले. फक्त चिडले की 'आपण' वर जायचे. काकांनी 'आपण' म्हटलं, की अख्ख्या शेडमध्ये शांतता पसरायची.

तो पांढरा शर्ट त्यांनी कधी सोडला नाही. डिझेलच्या कामाला पांढरा शर्ट! मी एकदा निळा डगला आणून दिला, तर म्हणाले, "डाग दिसू नये म्हणून निळा घालायचा. मला दिसायला हवा." संध्याकाळी जाताना आरशासमोर उभे राहून पुढून मागून शर्ट तपासायचे. ठिपका दिसला, तर आज काय चुकलं याचा माग काढल्याशिवाय बस पकडायचे नाहीत. काकू पलीकडून फोन करकरून थकायच्या. मोबाईल बाहेर ठेवलेला असायचा ना.

माझ्या लॅपटॉपला ते पोपट म्हणायचे. गाडीला वायर जोडून मी स्क्रीनकडे बघत बसले की यायचेच, "काय, पोपटानं चिठ्ठी काढली का?" यंत्राशी त्यांचं वाकडं नव्हतं हं. उलट मी आकडे वाचून दाखवले की डोळे मिटून ऐकायचे. त्यांचं म्हणणं एवढंच, की पोपट आजार सांगतो, कुणामुळे झाला ते सांगत नाही. ते विचारायचं माणसाला.

आणि ते विचारायचेच. गाडीवाला येऊन म्हणाला, "पिकअप नाही," की काका बॉनेटकडे ढुंकून बघायचे नाहीत. आधी त्याला स्टुलावर बसवायचे आणि विचारायचे, "शेवटचा हात कुणाचा?"

म्हणजे गाडी नीट चालत होती तोवर ठीक. बिघडायच्या आधी तिला शेवटचा हात कुणी लावला? फिटरनं? ड्रायव्हरनं? मेव्हण्यानं? काकांच्या मते गाडी स्वतःहून फार कमी वेळा बिघडते.

मांजरी गावचे एक बागायतदार होते, त्यांच्या पिकअप गाडीची तीन गॅरेजं फिरून झाली होती. फिल्टर बदलला, इंजेक्टर बदलले, तरी चढावर गाडी रडायची. "शेवटचा हात कुणाचा?" "कुणाचाबी न्हाय," ते म्हणाले. काकांनी टाकीतलं थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढलं, खिडकीत ठेवलं, वर्तमानपत्र वाचत बसले. तासाभरानं तळाशी काळपट चिकट थर बसला. काकांनी त्यात करंगळी बुडवली आणि, अगं आई गं, चाटली!

"गोड आहे," ते म्हणाले. "गाडी गुऱ्हाळात जेवायला गेली होती का?"

मग उलगडा झाला. एकदा डिझेल संपलं म्हणून वडिलांनी घरातल्या बॅरलमधलं ओतलं होतं. त्या बॅरलमध्ये आधी काकवी भरलेली असायची. ते गृहस्थ लाजेनं अर्धे झाले. काकांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "वडिलांना बोलू नका. मदतच करत होते."

आता चिंध्यांचं सांगते, कारण सगळं तिथेच येतं.

डिझेलचा पाईप उघडला की त्याचं तोंड उघडं ठेवायचं नाही, हा काकांचा धर्म होता. कारखान्यात त्यासाठी टोपणं होती. बाहेर आल्यावर त्यांनी स्वतःची सोय केली. काकूंच्या जुन्या सुती साडीच्या चिंध्या, हिरव्या चौकड्याच्या, बरोब्बर बारा, एका पत्र्याच्या डब्यात. उघडलेल्या प्रत्येक तोंडात एक चिंधी पिळून बसवायची. बसवताना मोठ्याने मोजायचं, काढताना मोठ्याने मोजायचं. एक... दोन... तीन... शाळेतल्या पाढ्यांसारखा सूर.

मी रंगीत प्लास्टिकच्या टोपणांचा अख्खा बॉक्स मागवला होता. "काका, कापड कशाला? तंतू सुटतात."

"नव्याचे सुटतात. हे लुगडं पंधरा वर्षं धुतलंय. सुटायचे ते सुटून गेले." वर आणि म्हणाले, "टोपणं हरवतात. माझ्या चिंध्या मोजलेल्या असतात."

बॉक्स तसाच फळीवर राहिला. हट्टी माणूस.

मग लोणी काळभोरच्या बाळासाहेबांचा ट्रक आला. चारही चाकांना जोर मिळणारा पिकअप ट्रक, डोंगर चढायच्या स्पर्धेसाठी नखशिखांत बदललेला. मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर, इंजिनाचं सॉफ्टवेअर मी लिहिलेलं. आदल्या वर्षी बाळासाहेब स्पर्धेत अर्ध्या चढावर रुतले होते आणि मेव्हण्यानं, सगळ्या गावासमोर, ट्रॅक्टरनं ओढून काढलं होतं. त्या माणसाला बक्षीस नको होतं. त्याला फक्त मेव्हण्याच्या समोरून वर जायचं होतं. "मॅडम, यंदा न्हाय चढली तर मी दिवाळीला सासुरवाडीला जात न्हाय," असं त्यांनी मला निक्षून सांगितलं होतं.

मोठ्या इंजेक्टरना डिझेल जास्त लागतं, म्हणून टाकी आणि इंजिन यांच्या मध्ये एक जादा पंप बसवायचा ठरलं. टाकीपासून पंपापर्यंतचा जाड पाईप शेजारच्या गजाननरावांनी वाकवला. हे वाशीमकडचे. बारीक चणीचे, आमच्या शेजारी वेल्डिंगची छोटी शेड. नुकतेच एकाकडची नोकरी सोडून स्वतःच्या पायावर उभे राहिले होते. पाईप त्यांनी असा वाकवला होता, की काकांनी त्यावरून बोट फिरवलं आणि "हं" म्हणाले. काकांचं 'हं' म्हणजे सुवर्णपदक समजा.

मंगळवारी काका जोडणी करत होते. बाळासाहेब डोक्यावर उभे. रविवारी स्पर्धा. मी सारखी घड्याळ बघत होते, कारण मला गाडी डायनोवर घ्यायची होती. डायनो म्हणजे रोलरवर गाडी जागच्या जागी पळवून तिची ताकद मोजायचं मशीन. चिंध्या काढत काकांचं चाललं होतं, "सात... आठ..."

"काका, आटपा हो आता!" मी ओरडले.

ते थांबले. वर बघितलं. आणि पुन्हा खाली वाकले. पाटीवर शेवटी 'घाई बाहेर' लिहिलेलं होतं, ते मला त्या क्षणी दिसलं नाही.

बुधवारी गाडी रोलरवर घेतली, तर काय! दोनशेच्या पुढे हॉर्सपॉवर यायला हवी होती, ती दीडशेलाही पोचेना. उभ्या गाडीत डिझेलचं प्रेशर अगदी शहाण्यासारखं. पाय दाबला की काटा धपकन खाली. बाळासाहेबांचा चेहरा बघवेना. "नवा पंप, नवा टर्बो, आन् ताकद जुन्याहून कमी? ही कसली सुधारणा मॅडम?"

मी पोपटाला शंभर प्रश्न विचारले. वायरी तपासल्या, पंपाला वीज पुरेशी मिळतेय बघितलं, फिल्टर बदलला. काटा तसाच पडायचा. शेवटी काका उठले.

"हिला आज दुसऱ्या घरी जेवायला घाला," ते म्हणाले.

म्हणजे टाकी बाजूला ठेवायची. स्वच्छ डिझेलचा कॅन भरायचा, पंपाची नळी सरळ त्यात बुडवायची. केलं. पाय दाबला. काटा जागचा हलला नाही, आणि इंजिन असं गरजलं की पत्रे थरथरले.

"पंप चांगला. इंजिन चांगलं. पोपटसुद्धा चांगला," काका हात पुसत म्हणाले. "दोष टाकी आणि पंप यांच्या मध्ये. थोडं डिझेल जातंय, जास्त मागितलं की अडतंय. उद्या उघडू."

गुरुवारी सकाळी काकूंना डोळ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, काका दुपारी येणार होते. मला कुठला धीर? मी नऊ वाजताच पाईप सोडवला, हवा मारली. गजाननरावांच्या त्या सुंदर बाकातून, आधी एक टोक, मग दुसरं, एक हिरवी चौकड्याची चिंधी बाहेर आली.

मी गाडीखाली पडल्या पडल्या ती हातात धरून राहिले. डिझेलमध्ये भिजलेली, गार.  पंपाच्या ओढीनं ती तोंडातून बाकात सरकली होती; उभ्या गाडीत तिच्यातून डिझेल झिरपत होतं, जोर लागला की ती आवळून बसत होती. माणूस आयुष्यभर मोजत आला, आणि एक राहिली. तीही मी ओरडले म्हणून.

मी चिंधी खिशात घातली. पाईप धुतला, तोच परत बसवला. रोलरवर दोनशे सव्वीस.

दुपारी काका आले. "काय निघालं?"

"बाकात पाईप चेपला होता," मी म्हणाले. "बदलला."

ते माझ्याकडे बघत राहिले. "बरं," म्हणाले. काका 'बरं' असं कधी म्हणत नसत. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला तीन उपप्रश्न असायचे. मला वाटलं, सुटले! थोड्या वेळानं आलेल्या बाळासाहेबांनाही मी तेच सांगितलं. खोटं एकदा बोललं की सगळीकडे सारखंच बोलावं लागतं.

रविवारी ट्रक डोंगर चढला. मेव्हण्यासमोरून. सोमवारी बाळासाहेब पेढे घेऊन लोणीहून आले, दारात बूट काढून सगळ्यांना पेढे वाटले आणि जाता जाता म्हणाले, "त्या वेल्डरचं मात्र सगळ्यांना सांगितलं बरं का मी. तिथं चार पोरं आलती, गाडी उलटली तर वाचवणारे लोखंडी पिंजरे त्याच्याकडनं बनवणार हुती. म्हणलं, पाईप चेपतो गडी, जीव कुठं टांगता?"

मी पेढा हातात धरून उभी. 

दुपारी गजाननराव आले. पाटीखाली चपला काढल्या. आवाज नेहमीसारखाच हळू. "मॅडम, तो पाईप मले दाखवता का? चारही कामं गेली. मी तं बराबर वाकवला होता. कुठं चुकलो ते बघतो, म्हणजे पुढच्या टायमाले..."

"भंगारात टाकला हो," मी म्हणाले.

"मग मी पाहू का भंगारात?"

काय सांगू? नाही कसं म्हणू? ते मागच्या ढिगाऱ्याजवळ गेले आणि एकेक तुकडा उचलून बघायला लागले. भर उन्हात. पाईप तिथे नव्हताच, तो लोणीला ट्रकखाली होता. गजाननराव वाकून वाकून शोधत होते. काका खोलीच्या दारात उभे राहून त्यांच्याकडे बघत होते, आणि मी काकांकडे.

"बाईसाहेब," काका म्हणाले, "आपण त्यांना आणखी किती वेळ शोधायला लावणार आहात?"

'आपण'. 

"बुधवारी घरी गेल्यावर मोजल्या मी," ते म्हणाले. "अकरा. गुरुवारी तुला विचारलं, म्हटलं तू सांगशील. तू नाही सांगितलंस. आणि मला..." ते थांबले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला. त्या पांढऱ्या शर्टाला! "मला बरं वाटलं गं. चार दिवस मी गप्प बसलो. तू मला झाकत होतीस. मी मलाच झाकत होतो."

मी रडायला लागले. त्यांनी समजूत वगैरे काही घातली नाही. ढिगाऱ्याजवळ गेले. "गजाननराव, चला. इथे नाही तो. तुमच्या शेडवर बोलू."

मी मागोमाग गेले. शेजारची शेड ती, जमिनीवर लोखंडाचा कीस, वेल्डिंगच्या जळक्या गोळ्या पसरलेल्या. तिथे कुठे पाटी नव्हती. काकांनी दाराशी चपला काढल्या.

"अहो काका, पाय भाजतीन! घाला, घाला!" गजाननराव धावले.

"असू द्या," म्हणत काका त्या किसावरून आत गेले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले. "तुमच्या पाईपात दोष नव्हता. माझी चिंधी राहिली होती. शेवटचा हात माझा."

गजाननरावांनी काकांच्या अनवाणी पायांकडे बघितलं. मग त्यांनी बसायचा पत्र्याचा डबा पुढे सरकवला. "बसा ना काका," एवढंच म्हणाले.

ती गोष्ट तिथे संपवता आली असती. पण काका तसेच बसस्टॉपवर गेले, लोणीची बस पकडली आणि बाळासाहेबांच्या वाड्यावर... वाडा कसला, तीन मजली बंगला आहे... तिथे जाऊन हेच वाक्य पुन्हा बोलले. मीही बरोबर होते. बाळासाहेब उठून उभे राहिले. "तुम्ही एवढ्यासाठी आलात व्हय? फोन करायचा की."

"फोनवर तोंड दिसत नाही," काका म्हणाले. "आता त्या चार मुलांना फोन करा. ते फोनवर चालेल." बाळासाहेबांनी तिथल्या तिथे केले. चारातली तीन कामं परत आली. चौथा मुलगा आला नाही तो नाहीच.

येताना बसमध्ये काका खिडकीशी बसले होते. मांजरीचा फाटा आला. मग म्हणाले, "हात माझा होता. पण घाई तुझी होती, काय?"

"हो काका."

"बरं झालं. मला वाटलं, तेही मलाच सांगावं लागणार." आणि पहिल्यांदा हसले.

त्यानंतर त्यांनी पाईप उघडले नाहीत. मी पुष्कळ विनवलं. प्लास्टिकच्या टोपणांचा बॉक्स त्यांनी स्वतः फळीवरून काढून माझ्या टेबलावर ठेवला. पण रोज साडेनऊला यायचे, स्टुलावर बसायचे, पोपटाची चौकशी करायचे, गिऱ्हाइकांना हैराण करायचे. गजाननराव दुपारचा चहा आमच्याकडेच घ्यायला लागले. दोघं पेरूच्या फोडींना मीठ लावून खात बसायचे आणि माझ्या कामातल्या चुका काढायचे. दोन वर्षं असं चाललं. माझ्या वर्कशॉपचे सगळ्यात चांगले दिवस कोणते म्हणाल, तर तेच.

चिंधीबद्दल मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. मीही दिली नाही. कशी देणार, आणि काय म्हणून देणार? धुतली, वाळवली, टेबलाच्या खणात मागे सारून ठेवली.

गेल्या वर्षी काका गेले. दुपारी जेवून लवंडले ते उठले नाहीत. तेराव्याला मी घरी गेले, तेव्हा काकूंनी मला आत बोलावलं. कपाटातून तो पत्र्याचा डबा काढला. "हा तुला द्यायचा, असं त्यांनी मागेच सांगून ठेवलंय. तुझ्या त्या लोणीच्या भानगडीनंतर बसून आकडे घातलेत बघ सगळ्यांवर."

मी डबा उघडला. प्रत्येक चिंधीच्या कोपऱ्यात न पुसणाऱ्या शाईनं आकडा, पाटीवरच्या अक्षरांसारखाच झोकदार. मी मांडीवर एकेक काढत गेले. दोन, तीन, चार... बारापर्यंत. पुन्हा बघितल्या. डबा उलटा केला.

"काकू, एक नंबर नाहीये."

"मीही तेच म्हटलं त्यांना, सुरुवात दोनपासून कशी?" काकू डोळे पुसत म्हणाल्या. "तर म्हणाले, एक तिच्याकडे आहे."

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉप लवकर उघडलं. चपला बाहेर काढल्या. खणातून चिंधी काढली, कोपऱ्यात मार्करनं एक लिहिला. माझं अक्षर काही त्यांच्यासारखं नाही. मग टेबलावर सगळ्या ओळीनं मांडल्या आणि मोजल्या. शेजारून गजाननराव डोकावले, काय चाललंय म्हणून. मी थांबले नाही, मोठ्याने बारापर्यंत मोजलं.